हवेत उभी कापशी

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कात्रज मागे पडतो, खेड शिवापूर जातं, कापूरहोळला भोरचा फाटा फुटतो आणि थोड्याच वेळात किकवी येतं. बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत. आज आपण उतरू.

पिशवीत लॅपटॉप असेल तर असू द्या. तो संध्याकाळपर्यंत उघडायचा नाही. आपल्याला उडत्या पक्ष्याचं चित्र काढायचं आहे, संगणकावर, रेषांनी घडवलेलं, कितीही मोठं केलं तरी न फाटणारं. पण त्यातलं बरंचसं काम बांधावर बसून व्हायचं आहे.

निघण्याआधी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एखाद्या टेम्पोकडे पाहा. राष्ट्रीय महामार्ग 48 वर असा टेम्पो शोधावा लागत नाही. त्याच्या मागच्या काचेवर रेडियमचा गरुड असेल: पांढरं डोकं, बाकदार चोच, दोन्हीकडे ताणलेले पंख. या गरुडाला मनात ठेवा. शेवटी आपण त्याच्याकडे येणार आहोत.

आता महामार्गाकडे पाठ करा आणि शेताच्या वाटेला लागा. मार्गशीर्षातली सकाळ आहे. भात निघालं आहे, खाचरांत पिवळे बुडखे उरले आहेत. उंचवट्यावरच्या रानात ज्वारी उभी आहे. उत्तरेला पुरंदर आणि वज्रगडाची रांग आहे. दक्षिणेला, सारोळ्याच्या पुलाखाली, नीरा आहे आणि तिच्या पलीकडे सातारा जिल्हा सुरू होतो. जिथे विजेच्या तारा शेतावरून जातात तिथला एखादा बांध निवडा. बसा.

ट्रकांचा आवाज इथवर येईल. त्याला अडवू नका. थोड्या वेळाने कान त्याच्या खालचे आवाज वेचू लागतात: दूर कुठेतरी पाण्याची मोटार, ओढ्याकडून टिटवी, ज्वारीच्या पात्यांची एकमेकांवर घासण्याची कोरडी कुजबुज. दहा श्वास घ्या. मोजा. दहाव्या श्वासानंतर मान वर करा.

आधी बहुधा घार दिसेल. तपकिरी, शेपटीला मधोमध खाच असलेली, पंख न हलवता मोठाली वर्तुळं घेणारी. तिच्याकडे पाहत राहा, पण तिला धरून ठेवू नका. जाऊ द्या. आपण जिची वाट पाहतो आहोत ती लहान आहे. कावळ्यापेक्षाही लहान, पाठीवर राखी, पोटाकडून कापसासारखी पांढरी, खांद्यावर काळा डाग. म्हणून तिचं नाव कापशी. कोणी कापशी घार म्हणतं. ती तारेवर किंवा वाळल्या फांदीच्या टोकावर बसलेली असते आणि खालच्या खाचरात उंदीर हलला, नाकतोडा उडाला, की निघते.

आणि मग ती अशी गोष्ट करते जिच्यामुळे मी उडत्या पक्ष्याचं चित्र शिकायला तिच्यासारखा दुसरा गुरू नाही असं म्हणतो. ती हवेत उभी राहते. वाऱ्याकडे तोंड करून, पंख वर उचलून फडफडवत, शेपूट पसरून, ती एका जागी थांबते. जमिनीपासून पाच-सहा पुरुष उंचीवर, जणू तिथे एखादी अदृश्य फांदी आहे.

नाही आली तर? तर आज गायबगळे पाहा, वेडे राघू पाहा, आणि उद्या पुन्हा या. चित्राची सुरुवात वाट पाहण्यातच झालेली असते.

आली आहे असं धरू. आता पाच श्वास फक्त तिच्या डोक्याकडे पाहा. पंख झडत आहेत, अंग वरखाली होतं आहे, शेपूट सारखी सावरते आहे. डोकं मात्र जागचं हलत नाही. तिची नजर खालच्या एका ठिपक्यावर बांधलेली आहे, आणि त्या नजरेसाठी सगळं शरीर डोक्याभोवती राबतं आहे. हे लक्षात घ्या. चित्रात पहिला बिंदू कुठे ठेवायचा हे तिने तुम्हाला सांगितलं आहे.

पुढचे पाच श्वास शेपटीकडे. ती खाली झुकलेली, पंख्यासारखी उघडलेली आहे.

त्यापुढचे पाच श्वास दोन उचललेल्या पंखांच्या मधे जी मोकळी जागा आहे, तिच्याकडे. पक्ष्याकडे पाहू नका, त्या जागेकडे पाहा. तिला आकार आहे. पंख वर जातात तेव्हा ती अरुंद होते, खाली येतात तेव्हा पसरट. त्या जागेचा आकार डोळ्यांत ठसला की पंखांचा आकार आपोआप ठसतो. चित्रकलेच्या मास्तरांनी हे शाळेत सांगितलेलं असतं, पण फळ्यासमोर बसून ते कळत नाही.

आता तुमचा उजवा हात बाजूला पसरा. बांधावर कोणी पाहत असेल तर पाहू द्या. खांद्यापासून सुरुवात करा: खांदा, दंड, कोपर, पुढचा हात, मनगट, तळवा, बोटं. पक्ष्याच्या पंखातही हेच सगळं आहे, याच क्रमाने. फक्त त्याचा दंड अंगालगत, पिसांत झाकलेला असतो, कोपर बहुधा दिसतच नाही. पंखाच्या मधोमध जो बाक दिसतो, ज्याला आपण लहानपणापासून कोपर समजतो, ते त्याचं मनगट आहे. आपल्या हातांनी काढलेले पक्षी अवघडलेले दिसतात त्याचं अर्धं कारण इथे आहे. आपण मनगटाच्या जागी कोपर काढतो.

कोपर अंगाजवळ ओढा, मनगट पुढे न्या, तळवा बाहेर उघडा. हा पंख झाला. पुढच्या हातातून पिसांची एक रांग निघते, तळव्याच्या भागातून दुसरी. शिकारी पक्ष्यांत तळव्याकडची ही लांब पिसं दहा असतात. हवेला मागे ढकलून पक्ष्याला पुढे नेण्याचं काम मुख्यतः त्यांचं. अंगाकडची रांग त्याला वर तोलून धरते. खांदा आणि मनगट यांच्यामधे कातडीची एक घडी ताणलेली असते. पंखाची पुढची कड म्हणूनच सलग दिसते, हाडांचे कोन तिच्यात लपून जातात. आणि अंगठा? अंगठाही आहे. मनगटाजवळ दोन-चार छोट्या पिसांचा तो झुपका पक्षी सावकाश उडतो तेव्हा किंचित वर उचलतो, म्हणजे पंखावरून वाहणारी हवा सुटून जात नाही आणि तो कोसळत नाही. कापशी उभी असताना हा अंगठा उचललेला असतो. बांधावरून तो दिसणार नाही. पण तो आहे हे ठाऊक असलेल्याची रेषा मनगटाशी येऊन जरा थबकते, आणि ते थबकणं चित्रात दिसतं.

हात खाली घ्या. खांदा दुखला असेल. ती अजून उभी आहे.

माणसाच्या डोळ्याला पंखाची झडप तुटक तुटक दिसत नाही. 1882 मध्ये एत्येन-ज्यूल मारे नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. खांद्याला लावायचा, पक्ष्यावर नेम धरायचा, चाप ओढायचा; एका सेकंदात बारा छायाचित्रं. त्या बंदुकीने एकही पक्षी मेला नाही, आणि उड्डाणाचे तुकडे माणसाला पहिल्यांदा असे हाताशी आले. आज खिशातला फोन याहून कितीतरी जास्त चित्रं टिपतो. हवी तर टिपून घ्या. पण आज फोनला शेवटचा मान द्या, पहिला नको.

आता डोळे खाली आणा आणि तिसरी-चौथीतलं तुमचं एक चित्र आठवा. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, कौलारू घर, नारळाचं झाड. आणि आकाशात? आडव्या पाडलेल्या तिनाच्या आकड्यासारखे पक्षी, ओळीने. महाराष्ट्रात ज्याने वहीत देखावा काढला त्याने हे पक्षी काढले. त्यांच्याकडे कमीपणाने पाहू नका. दोन वक्र रेषा आणि जिथे त्या मिळतात तो एक बिंदू, एवढ्यात त्या मुलाने उड्डाण पकडलेलं होतं. पुढे एलिमेंट्री, इंटरमिजिएटच्या परीक्षा आल्या, आपण पिसं मोजायला शिकलो, आणि ते दोन वळसे हातून गेले. आज आपण त्या दोन वळशांकडे परत जातो आहोत, जरा जास्त पाहून.

बांधावरून चार खडे उचला. मऊ मातीवर मांडायचे आहेत.

पहिला खडा कापशीचा खांदा. चौथा खडा, हातभर लांब, पंखाचं टोक. या दोघांना जोडणारी सरळ रेषा मनात आणा. तो पंख नव्हे, ती काठी झाली. तिला वळण हवं. दुसरा खडा पहिल्याच्या वर थोडा पुढे ठेवा, तिसरा चौथ्याच्या वर थोडा मागे. चार खडे, एक उघडी कमान.

आता गवताच्या काड्या घ्या. पहिल्या आणि दुसऱ्या खड्याच्या बरोबर मधे एक काडी खोवा. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे एक. तिसऱ्या-चौथ्याच्या मधे एक. तीन काड्या झाल्या. या तिघींतल्या पहिल्या दोघींच्या मधोमध एक, आणि पुढच्या दोघींच्या मधोमध एक. उरल्या दोन. त्या दोघींच्या बरोबर मधे शेवटची काडी खोवा. सावकाश. मापाला पट्टी नको, डोळा पुरे.

ही शेवटची काडी पंखाच्या वळणावरचा बिंदू आहे. मधोमध घेण्याऐवजी प्रत्येक वेळी पाव अंतरावर काड्या खोवल्या असत्या तर वळणावरचा दुसरा बिंदू मिळाला असता, पाऊण अंतरावर खोवल्या असत्या तर तिसरा. असे बिंदू घेत गेलं की चार खड्यांमधून एक अखंड, नितळ वळण उमटतं. संगणकावर पेन टूलने काढलेली प्रत्येक वक्र रेषा आतून नेमकं हेच करते. 1959 मध्ये सित्रोएन या मोटार कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी ही काड्यांची रीत मांडली. मोटारीच्या पत्र्याला हवं ते वळण कसं द्यायचं हा त्यांचा प्रश्न होता. कंपनीने ती गुपित ठेवली. दुसऱ्या कंपनीत, रेनोमध्ये, पिएर बेझिए त्याच वळणांपाशी वेगळ्या वाटेने पोचले, त्यांनी ते छापून प्रसिद्ध केलं, आणि रेषेला नाव बेझिए यांचं लागलं. त्याही आधी जहाजं बांधणारे लाकडाची लवचीक पट्टी वाकवून तिला शिशाच्या वजनांनी जागोजागी दाबून ठेवत आणि तिच्या कडेने रेघ ओढत. त्या वजनांना इंग्रज कारागीर डक म्हणत. डक म्हणजे बदक. या कामात पाखरू पहिल्यापासून आहे.

खड्यांकडे पुन्हा पाहा. इथे थोडा वेळ थांबायचं आहे, कारण मला जे सांगायचं आहे ते या मातीत मांडलेलं आहे. रेषा पहिल्या खड्यातून निघते आणि चौथ्यात पोचते. दुसऱ्या-तिसऱ्या खड्याला ती शिवतसुद्धा नाही. पण पहिल्यातून निघताना ती दुसऱ्याच्या दिशेने निघते आणि चौथ्यात शिरताना तिसऱ्याच्या बाजूने येते. दुसरा खडा जरा लांब सरकवा, वळण फुगेल. जरा खाली आणा, पंख मावळेल. ज्यांना रेषा कधी भेटत नाही ते दोन खडे तिला आकार देतात. आणि वर ती पाहा, कापशी. तिला तोलून धरणारा वाराही तुम्हाला दिसत नाही.

आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके रेषेच्या वाटेवर असतात आणि रांगोळी पूर्ण झाल्यावरही दिसतात. ज्ञानकमळ काढणाऱ्या बाईला पुढचा ठिपका दिसत असतो, ती चिमटीतून वळण सोडते, आणि वळण किती फुगवायचं हे तिच्या मनगटाला ठाऊक असतं. संगणकावर ते मनगटातलं ज्ञान दोन दांड्यांत उतरवलेलं आहे. प्रत्येक बिंदूतून दोन हँडल निघतात; मातीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या खड्याचं काम त्यांची टोकं करतात. त्यांना लांबी आहे आणि दिशा आहे. नववीच्या विज्ञानाच्या तासाला याच गोष्टीला आपण सदिश म्हणत होतो. वस्तुमान अदिश, वेग सदिश. ज्या चित्राला इंग्रजीत व्हेक्टर म्हणतात त्याला मराठीत सदिश चित्र म्हणावं, असं मला मनापासून वाटतं. बसलेल्या पक्ष्याला जागा असते. उडत्या पक्ष्याला दिशा असते, आणि हवेत उभ्या कापशीला, ती जागची हलत नसतानाही, दिशा आहे: वारा येतो तिकडे. ती दिशा चित्रात आली नाही तर कापशी भिंतीला टांगलेली पाकळी होते.

खडे होते तिथे ठेवा. पाणी प्या. ऊन वर आलं असेल आणि कापशी एखादा उंदीर घेऊन गेली असेल.

संध्याकाळी लॅपटॉप उघडा. इंकस्केप हा प्रोग्रॅम 2003 पासून सर्वांसाठी मोफत आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो. तुमचा हात कोरल ड्रॉवर बसला असेल, जसा आपल्याकडच्या लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या जवळपास प्रत्येक दुकानात बसलेला असतो, तर तेही चालेल. रीत एकच.

पान कोरं आहे. त्याच्याकडे लगेच हात नेऊ नका. डोळे मिटा आणि सकाळचं डोकं आठवा, ते न हलणारं. पानावर त्याच्या जागी एक छोटं वर्तुळ ठेवा. बाकी सगळं त्याच्याभोवती येईल.

मग पंखाची पुढची कड. खांद्यावर एक बिंदू. मनगटावर एक. टोकावर एक. थांबा. तीनच. आता हँडल ओढा. खांद्यातून निघणारी रेषा किंचित पुढे झुकते, मनगटाशी वर येऊन थबकते, तिथून टोकाकडे लांब, सैल पडते. चौथा बिंदू घालावासा वाटेल. आधी आहेत त्या बिंदूंच्या हँडलची लांबी बदलून पाहा. बिंदू वाढवणं सोपं असतं, म्हणून हात तिकडे जातो. माझ्या पहिल्या कापशीच्या एका पंखाला 70 बिंदू होते. प्रत्येक बिंदू एक शंका होती. जिथे मला पंख कुठे वळतो हे माहीत नव्हतं तिथे मी एक बिंदू ठोकला होता, आणि पंख गोधडीच्या कडेसारखा लहरत होता. दुसऱ्या दिवशी मी बांधावर परत गेलो. चार सकाळींनंतर तोच पंख 11 बिंदूंत बसला. मधल्या काळात हाताची सफाई वाढली नव्हती. मी मनगट पाहिलं होतं, एवढंच.

अक्षरं घडवणारे लोक सांगतात की बिंदू वळणाच्या शिखरावर ठेवा: सर्वांत वर, सर्वांत खाली, सर्वांत डावीकडे, सर्वांत उजवीकडे. रघुनाथ कृष्ण जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला मंगल हा फाँट कित्येक वर्षं मराठी माणसाने संगणकावर वाचला. त्यातला प्रत्येक क, प्रत्येक ळ अशाच बिंदूंनी बांधलेला आहे. ळ च्या दोन गोलाव्यांकडे क्षणभर पाहा. ज्याने ते घडवले त्याने आधी बोरूने, ब्रशने ती वळणं हाताखालून घातलेली होती. जोशी आधी सुलेखनकार होते. बिंदू नंतर आले.

सगळे बिंदू सारखे नसतात. चोचीचं टोक टोकदारच हवं, तिथे दोन्ही हँडल वेगवेगळ्या दिशांना जातात. मनगट गोलसर हवं, तिथे ती एका ओळीत येतात. प्रत्येक बिंदूपाशी स्वतःला विचारा: इथे ती कठीण आहे की मऊ? चोच, नखं, पिसांची टोकं कठीण. बाकी सगळी कापशी मऊ आहे, तिच्या नावासारखी.

पिसं किती काढायची? टोकाची चार-पाच सुटी दाखवा, बाकीची एका कडेत मिळू द्या. बांधावरून तुम्हाला दहा पिसं मोजता आली नव्हती. जेवढं पाहिलं तेवढंच काढलं की चित्र खोटं पडत नाही.

रंगांना फार वेळ लागणार नाही. पाठीचा राखी, खांद्यावरचा आणि डोळ्याभोवतीचा काळा, पायांचा पिवळा, डोळ्याचा लाल. आणि पांढरा. सपाट भरा, छटा नकोत.

पांढऱ्यापाशी मात्र अडचण येईल. पान पांढरं आणि पोट पांढरं. तुम्ही रंग भराल आणि अर्धी कापशी नाहीशी होईल. नवखा माणूस अशा वेळी भोवती काळी रेघ ओढतो. ओढू नका. सकाळी आकाशात तिच्याभोवती काळी रेघ होती का? ती दिसत होती, कारण मागे आकाश होतं. मग आकाश काढा. तिच्या मागे एक मोठा चौकोन टाका आणि त्यात मार्गशीर्षातल्या सकाळचा रंग शोधा. तो निळा नसतो. पुरंदरच्या माथ्याजवळ तो धुरकट दुधी असतो, वर जाता जाता फिकट निळा होतो. तो सापडायला पंखापेक्षा जास्त वेळ लागेल, लागू द्या. रंग जमला की पोटाचा पांढरा रंग पुढे येतो. तुम्ही पोटावर काहीच केलेलं नसतं. दोन पंखांच्या मधल्या जागेकडे पाहत पाच श्वास घालवले होते ते इथे कामाला येतात. ती जागा आता आकाशाने भरली आहे.

लाल डोळा सगळ्यात शेवटी भरा. भरल्यावर लगेच फाइल बंद करू नका. ती आता तुमच्याकडे पाहत नाही, खालच्या उंदराकडे पाहते आहे ना, एवढं तपासा.

एक मोह सांगायचा राहिला. फोनमधला फोटो आत ओढायचा, ट्रेसचं बटण दाबायचं, आणि दोन सेकंदांत चित्र तयार. मी तेही करून पाहिलं आहे. ते बटण प्रत्येक सावलीच्या कडेला बिंदू टाकतं, शेकड्यांनी. पडद्यावर ते खपून जातं. पण रेडियमच्या दुकानात न्या. तिथे प्लॉटर असतो. त्याच्या आत पेनाऐवजी बारीक पातं असतं आणि ते तुमच्या रेषेवरून चालतं. जिथे तुम्ही बिंदू ठेवला तिथून त्याला जावं लागतं. शेकडो बिंदूंच्या कडेवर पातं अडखळतं, बारीक कोपरे उचकटतात, मागचा कागद सोडवताना पिसांची टोकं फाटून हातात येतात. थोड्या बिंदूंची कड ते एका दमात कापतं. चित्रकाराने पाहिलं होतं की नाही, ते त्या पात्याला कळतं.

आणि आता काचेवरचा तो गरुड. पांढऱ्या डोक्याचा. हा पक्षी उत्तर अमेरिकेतला आहे. तो भारतात राहत नाही. किकवीच्या आभाळात तो कधीही उडालेला नाही. दुकानातल्या संगणकावर आयत्या चित्रांचा जो साठा येतो त्यात तो असतो, म्हणून तो आपल्या टेम्पोवर, फ्लेक्सवर, मंडळाच्या कमानीवर, टी-शर्टावर बसतो. दुकानदाराची यात चूक नाही. गिऱ्हाईक दारात उभं असतं, गाडी साताऱ्याला जायची असते, आणि फोल्डरमध्ये दुसरा पक्षी नसतो. कापशीचं चित्र कोणी काढून दिलेलंच नसतं. ज्या शेतावरचे उंदीर ती वेचते त्या शेतकऱ्याच्या टेम्पोवर ती नाही, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून एक विनंती आहे. तुमची कापशी पूर्ण झाली की फाइलला नाव द्या: पक्ष्याचं मराठी नाव, गाव, महिना, साल. तिची एक प्रत काळ्या एकाच रंगात करा, कारण रेडियम एका रंगात कापतात. पांढरं पोट तिथे मोकळं सोडा, काच त्याचं काम करेल. फाइल काही किलोबाइटचीच असेल. ती पेन ड्राइव्हवर घ्या आणि तुमच्या रस्त्यावरच्या रेडियमवाल्याला, पत्रिका छापणाऱ्याला, शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना देऊन टाका. पैसे घेऊ नका. मग टिटवी काढा, गायबगळा काढा, वेडा राघू काढा. प्रत्येकासाठी आधी एक सकाळ बांधावर बसा.